हिरा बसवायला देताय आणि पोटात गोळा आलाय? मग देण्याआधी, देताना आणि परत घेताना हे बघा

लग्नसराई जवळ आली की आमच्याकडं हा विषय निघतोच. साखरपुड्याची अंगठी करायची असते, हिरा कुणीतरी मुंबईहून नाहीतर सुरतहून सर्टिफिकेटसकट आणलेला असतो, किंवा आजीच्या हिऱ्याच्या कुडीतला, आत्याच्या जुन्या अंगठीतला काढलेला असतो, आणि तो आता इथं संभाजीनगरच्या, जालन्याच्या नाहीतर लातूरच्या सराफ्यात बसवून घ्यायचा असतो. पेढीवर चहा येतो, हिऱ्याची पुडी काउंटरवरून आत कारागिराकडं जाते, आणि आपण बाहेर बसून विचार करत राहतो, बसवताना फुटला तर? टवका उडाला तर? आणि उडाला तरी आपल्याला कोण सांगणार?

आमच्या घरात सेटिंगचं काम होतं, माझे मोठे काका जालन्यात हेच काम करायचे, त्यामुळं मी लहानपणापासून दोन्ही बाजू बघत आलेय, घाबरलेलं गिऱ्हाईक पण आणि श्वास रोखून खडा दाबणारा कारागीर पण. माझं म्हणणं एवढंच आहे की तुमची भीती खरी आहे, पण बहुतेक लोक ती चुकीच्या जागी धरून बसतात. कारागिराचा हात हलला आणि चांगला धडधाकट हिरा फुटला असं फार क्वचित होतं. जिथं फुटतो तिथं ती कच्ची जागा बहुतेक वेळा हिऱ्यात आधीपासूनच असते आणि ती कुणी बघितलेलीच नसते. म्हणून निम्म्याच्या वर काम हिरा पुडीतून बाहेर काढायच्या आधीचं आहे.

हिरा कठीण आहे, पण म्हणून न फुटणारा नाही

मोहस् स्केलवर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, आणि आपल्या धुळीत, वाळूत असतो तो क्वार्ट्झ ७. हे आकडे ओरखड्याचे आहेत, म्हणजे हिऱ्यावर हिऱ्याशिवाय दुसऱ्या कशाचा ओरखडा उठणं जवळजवळ अशक्य. पण ओरखडा न उठणं वेगळं आणि मार सोसणं वेगळं. लाकूड जसं रेषेच्या दिशेनं कुऱ्हाड लागली की सहज फाटतं तसं हिऱ्याच्या आत चार दिशा अशा असतात की त्या दिशेनं नेमका दाब किंवा ठोका बसला तर तो सरळ चिरतो. हिरे घडवणारे लोक शेकडो वर्षं याच गुणाचा उपयोग करून मोठे दगड फोडत आलेत, कलिनन नावाचा ३१०६ कॅरेटचा अवाढव्य हिरा १९०८ मध्ये ॲमस्टरडॅमला असाच पाचर मारून फोडला होता.

आणि आपल्याला लांब जायची पण गरज नाही. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच मुलखातला गोवळकोंडा, हिऱ्यांसाठी जगभर नाव असलेला. १७व्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच हिरे व्यापारी तिकडं खाणींवर जाऊन आला होता, त्यानं लिहून ठेवलंय की खाणीतले लोक दगड फोडायला लोखंडी पहारीचे जोरात घाव घालतात आणि त्या घावांनी आतल्या हिऱ्यांत भेगा पडतात. म्हणजे ही गोष्ट धंद्यातल्या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वीच माहीत होती, आणि तरी "खरा हिरा हातोड्यानं फुटत नाही" असं आज पण कुणी ना कुणी सांगतंच. असली परीक्षा कुणी करून दाखवतो म्हणाला तर हिरा उचला आणि घरी या.

पहिलं काम: तुमचा हिरा कुठं कच्चा आहे ते शोधा

हे काम आयग्लासखाली करायचं, म्हणजे १० पट मोठं दाखवणारी ती छोटी लेन्स. सराफाकडं असतेच, मागितली तर देतात, लाजायचं नाही.

सगळ्यात आधी गर्डल बघा. हिऱ्याचा वरचा भाग आणि खालचा निमुळता भाग जिथं मिळतात ती कडेची गोल पट्टी म्हणजे गर्डल, आणि सेटिंगमध्ये सगळा दाब इथंच येतो, कारण हिऱ्याला धरणारे सोन्याचे काटे, ज्याला दुकानात प्राँग म्हणतात, ते या कडेवरच वळवून दाबतात. सर्टिफिकेटवर गर्डलची जाडी लिहिलेली असते, एक्स्ट्रीमली थिनपासून एक्स्ट्रीमली थिकपर्यंत. मीडियम किंवा स्लाइटली थिक असेल तर निर्धास्त राहा. थिन असेल तर कारागिराला आधी सांगा. व्हेरी थिन किंवा एक्स्ट्रीमली थिन असेल तर ती कड सुरीच्या पात्यासारखी पातळ असते, अशा हिऱ्याला कुठलं सेटिंग करायचं हा निर्णयच वेगळा घ्यावा लागतो, त्यावर पुढं बोलते. कधीकधी "थिन टू थिक" असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका बाजूला पातळ आणि दुसरीकडं जाड, तर मग पातळ बाजू कुठली ते शोधून प्राँग तिथं येणार नाही असं बघता येतं.

मग टोकं. गोल हिऱ्याला कडेला टोक नसतं म्हणून तो सगळ्यात कमी त्रास देतो. चौकोनी प्रिन्सेस कटचे चार कोपरे, पेअरचं म्हणजे थेंबाच्या आकाराचं एक टोक, मार्कीजची म्हणजे होडीसारख्या लांबट आकाराची दोन्ही टोकं, हार्टचं खालचं टोक, टवका उडायचा तर आधी इथं उडतो. हिऱ्याच्या अगदी खाली जे टोक असतं, क्युलेट, ते पण नाजूक असतं आणि अंगठीची बैठक उथळ असली तर ते खालून बाहेर येऊन टेकतं.

तिसरी गोष्ट आतली भेग. तिला सर्टिफिकेटवर फेदर म्हणतात, पिसासारखी दिसते म्हणून. फेदर सगळेच वाईट नसतात, हिऱ्याच्या मधोमध आत असलेल्या बारीक फेदरनं आयुष्यभर काही होत नाही. काळजी त्या फेदरची करायची जो पृष्ठभागापर्यंत आलाय आणि त्यातही गर्डलला किंवा कोपऱ्याला टेकलाय. सर्टिफिकेटवर क्लॅरिटी, म्हणजे हिरा आतून किती स्वच्छ आहे त्याचा ग्रेड असतो, त्यात व्हीव्हीएस, व्हीएस ग्रेडच्या हिऱ्यात ही चिंता बहुतेक नसतेच, एसआय वनपासून बघायला लागायचं आणि आय वन, आय टू, आय थ्री असेल तर बघितल्याशिवाय द्यायचाच नाही. मोठ्या सर्टिफिकेटवर हिऱ्याचं चित्र काढून त्यावर खुणा केलेल्या असतात, पण लहान हिऱ्यांचं जे छोटं सर्टिफिकेट येतं, जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचं डॉसियर वगैरे, त्यात चित्र नसतं, नुसती नावं असतात, तेव्हा तिथं आयग्लासशिवाय पर्याय नाही.

आता एक प्रकार असा आहे की तिथं भीती पूर्ण रास्त आहे, फ्रॅक्चर फिल्ड हिरा. पृष्ठभागापर्यंत आलेल्या भेगेत काचेसारखा पदार्थ भरून ती भेग लपवलेली असते. बाहेरून छान दिसतो, किंमत बरीच कमी असते, आणि कारागिराच्या टॉर्चची, म्हणजे सोनं सांधायच्या गॅसच्या बत्तीची, ज्योत लागली की भरलेलं ते खराब होतं आणि भेग परत उघडी पडते. हिरा हळूहळू फिरवताना भेगेच्या जागी निळसर, जांभळट, नारिंगी अशी चमक पालटताना दिसली तर संशय घ्या. जीआयए असल्या हिऱ्याला ग्रेडिंग रिपोर्ट देतच नाही, म्हणून बिनसर्टिफिकेटचा, "स्वस्तात मिळाला" असा हिरा असेल तर हे आधी तपासून घ्या आणि कारागिराला तोंडावर सांगा.

घरातल्या जुन्या दागिन्यातले हिरे हा आपल्याकडचा मोठा विषय. जुन्या कोंदणातले पोलकी, म्हणजे आजच्यासारखे पैलू न पाडलेले हिरे, बऱ्याचदा चपटे, कडेला कागदासारखे पातळ, आणि मागं चमकेसाठी पन्नी लावून लाखेवर बसवलेले असतात. ते उपटून काढून आधुनिक प्राँगच्या अंगठीत बसवा म्हणणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं, आणि पन्नी निघाली की तो हिरा निस्तेज पण दिसतो. असा हिरा कोंदणातच परत बसवायचा आणि त्यासाठी कोंदणाचंच काम करणारा माणूस शोधायचा. जुना गोल ब्रिलियंट, म्हणजे सगळीकडून पैलू पाडलेला हिरा, असेल तर तो वर्षानुवर्षं वापरलेला असतो, प्राँगच्या खाली लपलेले जुने टवके काढल्यावरच दिसतात, म्हणून जुन्या दागिन्यातून हिरा काढताना शक्यतो समोर बसून काढून घ्या.

लॅबमध्ये तयार झालेला हिरा असेल तर? तोही हिराच, तितकाच कठीण, तशाच चिरायच्या दिशा. लोकांना वाटतं हा कच्चा असेल, तसं नाही. नियम सगळे तेच.

दुसरं काम: हिरा हातातून सुटण्याआधी कागद आणि फोटो

इथं मी जरा जास्त वेळ घेणारे कारण सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. परभणीच्या एका ओळखीच्या कुटुंबात असं झालं की अंगठी परत आली, मुलीच्या लक्षात आलं की कडेला बारीक टवका आहे, सराफ म्हणाला आधीचाच होता, हे म्हणाले नव्हता, आणि दोघांकडं दाखवायला काहीच नाही. कदाचित दोघंही खरं बोलत असतील. आयग्लासखाली कुणीच बघितला नव्हता तर ठरवणार कसं?

तर हे करा. काउंटरवर सराफाच्या समोर हिरा कॅरेट काट्यावर वजन करून घ्या, दशांशानंतर दोन आकडे तरी पाहिजेत. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०१ कॅरेट, ज्याला आपण एक सेंट म्हणतो, ते फक्त २ मिलिग्रॅम, त्यामुळं सोन्याच्या साध्या काट्यावर हिऱ्याचं वजन नीट कळत नाही. सर्टिफिकेटचा हिरा असेल आणि गर्डलवर लेझरनं नंबर कोरलेला असेल तर तो आयग्लासखाली दोघांनी वाचा आणि सर्टिफिकेटच्या नंबरशी जुळवा, जीआयएचा असेल तर त्यांच्या वेबसाइटवर नंबर टाकला की रिपोर्ट दिसतो. नंबर बारीक असतो, पटकन सापडत नाही, वेळ द्या.

मग फोटो. मोबाईलचा कॅमेरा आयग्लासच्या मागं धरला की बऱ्यापैकी फोटो येतो, वरून एक, खालून एक आणि गर्डलच्या चारी बाजूंनी. व्हिडिओ अजून चांगला, चिमट्यात हिरा धरून हळूहळू फिरवायचा आणि तोंडानं बोलत जायचं, इथं एक पांढरा डाग आहे, इथं कोपरा पूर्ण आहे. तो व्हिडिओ तिथंच सराफाला व्हॉट्सअॅप करा. म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, आणि कुणाचाही अपमान न होता दोघांकडं एकच पुरावा राहतो.

पावती साध्या कागदावर "एक हिरा" एवढी घेऊ नका. मी तर सरळ हे असं लिहून घ्या म्हणेन:

"ग्राहकाचा स्वतःचा हिरा, गोल, ०.५२ कॅरेट, सर्टिफिकेट नंबर अमुक, गर्डलवर नंबर वाचून पाहिला. दोघांनी १० पट लेन्सखाली पाहिला, कडेला टवका नाही, एका बाजूला आतमध्ये फेदर आहे. अंदाजे किंमत इतकी. १८ कॅरेट सोन्यात सहा प्राँगमध्ये बसवण्यासाठी दिला. काम कुठं होणार, परत कधी मिळणार."

किंमत लिहिताना सराफ जरा कचरतात, कारण ती लिहिली की जबाबदारी येते, आणि तेच तर बोलायचंय. बऱ्याच पेढ्यांचा नियम असतो की गिऱ्हाइकाचा खडा गिऱ्हाइकाच्या जबाबदारीवर, आणि त्यांची पण बाजू आहे हो, मजुरी हजार-दोन हजाराची आणि हिरा लाखाचा, त्यांनी कुठवर भरून द्यायचं. पण हे हिरा द्यायच्या आधी उघड बोललं पाहिजे. "काका, बसवताना काही झालं तर काय ठरलंय आपलं?" एवढं विचारलं तरी पुरतं. चांगला सराफ या प्रश्नाला चिडत नाही, उलट तो हिरा परत एकदा आयग्लासखाली धरतो. तो म्हणाला की पातळ कड आहे, जबाबदारी घेत नाही, तर तेही प्रामाणिकच आहे, तुम्हाला खरं कळलं. चिंता त्याची करा जो न बघताच "काही होत नाही ओ ताई, रोजचं काम आहे" म्हणतो.

हिरा किमती असेल तर दागिन्यांच्या विम्याचं पण विचारून ठेवा, तुमच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या ताब्यात असताना झालेलं नुकसान धरलंय का नाही हे एजंटला लेखी विचारायचं.

तिसरं काम: काम कोण करणार ते विचारा आणि त्याच्याशीच बोला

आपल्याकडं पेढीवर बसणारे शेठ वेगळे आणि हिरा बसवणारा वेगळा. सराफ्यातल्या माळ्यावर, गल्लीतल्या छोट्या खोलीत बंगाली कारागीर काम करत असतात, फार कसबी असतात, पण त्यातला दागिना घडवणारा वेगळा आणि हिरा बसवणारा सेटर वेगळा. मोठ्या एकट्या हिऱ्याचं काम रोज करणारा सेटर प्रत्येक गावात असतोच असं नाही, मग पार्सल पुण्याला नाहीतर मुंबईला जातं, कुणीतरी देवगिरी एक्सप्रेसनं रात्रीतून घेऊन जातो. त्यात वाईट काही नाही, पण तुम्हाला माहिती पाहिजे की हिरा कुठं आहे आणि कुणाच्या हातात आहे, आणि वाटेतली जबाबदारी कुणाची.

सेटर गावातच असेल तर दोन मिनिटं भेटू द्या म्हणा. त्याला विचारायचं:

"दादा, हा आकार याआधी बसवलाय का? कोपरा कसा धरणार?"
"हिरा बसल्यावर परत टॉर्च लागणारे का?"
"हा फेदर दिसतोय, इथं प्राँग येऊ देऊ नका, चालेल ना?"

शेवटच्या प्रश्नावर तो आयग्लास डोळ्याला लावून तो फेदर शोधायला लागला तर समजा माणूस बरोबर आहे.

सेटिंग कुठलं हे पण इथंच ठरवायचं. गोल हिऱ्याला सहा प्राँग चारपेक्षा बरे, एखादा प्राँग पुढं कधी तुटला तरी हिरा पडत नाही. टोकदार आकाराला प्रत्येक टोकावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा प्राँग घ्या, तो टोकाला दोन्ही बाजूंनी झाकतो, आणि त्याच्या आत टोक धातूला घट्ट टेकलेलं नको, केसाएवढी जागा मोकळी पाहिजे. बंद सेटिंग म्हणजे बेझल, ज्यात सगळ्या बाजूंनी सोन्याची पट्टी हिऱ्याच्या कडेवर वळवतात, ते रोजच्या वापराला सगळ्यात सुरक्षित, पण बसवताना पूर्ण कडेवर दाब येतो म्हणून पातळ गर्डलच्या हिऱ्याला ते हळू हातानं, मऊ धातूत करावं लागतं. चॅनल (सोन्याच्या दोन भिंतींमध्ये ओळीनं खडे) आणि फ्लश (खडा धातूच्या पातळीत आत बसवलेला) सेटिंगमध्ये धातू ठोकून किंवा जोरात दाबून बसवतात, तिथं कच्च्या कडेचा हिरा देऊच नका. टेन्शन सेटिंगमध्ये हिरा नुसत्या दोन बाजूंच्या दाबावर उभा राहतो, फोटोत झकास दिसतं, पण ते नेहमी करणारा माणूस नसेल तर मी कुणालाच सुचवत नाही. आणि वॅक्स सेटिंग, म्हणजे मेणाच्या साच्यातच खडे बसवून मग वरून सोनं ओतायचं, ते बारीक खड्यांसाठी ठीक, तुमच्या मुख्य हिऱ्यासाठी स्पष्ट नाही म्हणायचं.

सोनं २२ कॅरेटचंच पाहिजे असा आपल्याकडं हट्ट असतो, आई-आजी ऐकत नाहीत. पण २२ कॅरेट मऊ असतं, प्राँग लवकर झिजतात आणि वाकतात, म्हणून हिऱ्यासाठी १८ कॅरेट घ्यायचं, हॉलमार्कवर ७५० येतं. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो, पण तो सोन्याच्या शुद्धतेचा आहे, हिऱ्याबद्दल त्यातून काही कळत नाही.

चौथं काम: हिरा बसण्याआधी माप पक्कं करा

हे इतकं साधं आहे की लोक सोडूनच देतात. हिरा बसवताना जसा धोका असतो तसाच अंगठी नंतर लहानमोठी करताना पण असतो, कारण तेव्हा डाख द्यायला, म्हणजे धातू वितळवून सांधायला, टॉर्च लागते आणि हिरा अंगठीतच असतो. हवेत साधारण ७००-८०० अंश सेल्सिअसच्या पुढं तापला की हिरा ऑक्सिजनशी मिळून वरवर जळायला लागतो, पृष्ठभाग दुधाळ, धुरकट होतो, आणि सोन्याचा डाख पण साधारण तेवढ्याच उष्णतेला वितळतो. म्हणून जाणता कारागीर बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून हिऱ्यावर तिचा थर देतो, त्यानं हवा लागत नाही, आणि काम झाल्यावर अंगठी आपोआप थंड होऊ देतो, तापलेली अंगठी पाण्यात बुडवत नाही. एकदम थंड पडल्यानं आतली भेग वाढू शकते. प्लॅटिनमला तर याहून खूपच जास्त उष्णता लागते, तिथं हिरा बसवल्यावर टॉर्च नकोच, लेझर वेल्डिंग करून घ्यायचं. लेझरची सोय लहान गावात नसेल तर मोठ्या शहरात पाठवायला लावा, पैसे जास्त गेले तरी चालतील.

माप घेताना आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. लग्नं एप्रिल-मे मध्ये, तेव्हा बीड-लातूर-नांदेडकडं पारा चाळिशीच्या पार असतो आणि बोटं फुगतात, आणि माप जर डिसेंबरच्या सकाळी घेतलं असेल तर अंगठी सांध्यावर अडकते आणि सगळं परत टॉर्चकडं जातं. दुपारनंतर, बोटं गरम असताना, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी माप घ्या. आधी बिनहिऱ्याची अंगठी बोटात घालून बघायला मागा. नुसती धातूची अंगठी तयार, माप बरोबर, पॉलिश जवळजवळ पूर्ण, मगच हिरा बसू दे.

आत नक्की काय होतं

माहीत असलं की निम्मी भीती जाते म्हणून सांगते. सेटर अंगठी लाकडी पकडीत किंवा लाखेत घट्ट बसवतो. मग प्रत्येक प्राँगच्या आतल्या बाजूला बारीक बरनं, म्हणजे गरगर फिरणाऱ्या छोट्या कोरणीनं, एक खाच पाडतो, गर्डल तिथं बसायला. ही खाच म्हणजे सगळ्या कामाचा जीव. ती हिऱ्याच्या कोनाशी जुळली, सगळ्या प्राँगवर एका पातळीत आली, तर हिरा अलगद बसतो आणि वर फक्त हलका दाब लागतो. खाच वाकडी किंवा अरुंद झाली तर हिरा एकाच जागी टेकतो, आणि मग वरून दाबल्यावर सगळा जोर त्या एका बिंदूवर जातो, टवका उडतो तो असा. काका एकेका खाचेसाठी हिरा पुन्हापुन्हा बसवून काढून बघायचे, आणि मला विचाराल तर घाईनं काम होणारा दिवस, म्हणजे धनत्रयोदशीचा आठवडा किंवा अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दिवस, असल्या कामाला टाळावाच.

मग प्राँग समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे दाबतात, एकच प्राँग एकदम पूर्ण कधीच नाही. शेवटी प्राँगची टोकं कानशीनं घासून गोल करतात. इथं बाहेर बसलेल्याला खरखर ऐकू येते आणि जीव खालीवर होतो, पण पोलादी कानशीनं हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, ती हिऱ्यापेक्षा पुष्कळ मऊ. डायमंड कोटिंगची कानस असेल तर मात्र ती हिऱ्याला लागता कामा नये.

पाचवं काम: परत घेताना घाई करू नका

दुकानातल्या पांढऱ्या एलईडीखाली सगळेच हिरे चमकतात. अंगठी दारापाशी घेऊन या, दिवसाच्या उजेडात बघा, मग आयग्लासखाली. आधीचा व्हिडिओ मोबाईलवर उघडून शेजारी धरा.

बाजूनं बघितल्यावर हिरा सरळ बसलाय का, एका अंगाला कललाय का? प्रत्येक प्राँग हिऱ्याला टेकलाय का, मध्ये फट दिसते का? प्राँगच्या दोन्ही बाजूंची कड नीट बघा, नवा टवका असला तर तो बहुतेक तिथंच असतो, छोटा चमकणारा खळगा किंवा पायरीसारखा दिसतो. टवका पूर्णपणे प्राँगखाली झाकला गेला असेल तर तो बाहेरून दिसणार नाही, हे मान्य करून चालायला लागतं, म्हणूनच आधीचे फोटो. गर्डलवरचा नंबर परत वाचा. कधी तो प्राँगखाली जातो, म्हणून नंबर उघडा राहू द्या असं आधीच सांगायचं, प्राँगच्या मध्ये तो सहज ठेवता येतो.

मग अंगठी कानाशी धरून बोटानं टिचकी द्या, खुळखुळ ऐकू आली तर हिरा सैल. लोकरीचा धागा किंवा ओढणीची किनार प्राँगवरून हळूच फिरवा, अडकली तर टोक नीट बसलेलं नाही. लाकडी टूथपिकनं हिरा बाजूनं हलका ढकलून बघा, चिमट्यानं नको. काहीही सैल वाटलं तर तिथंच परत द्या, घरी नेऊन मग सांगू असं नको.

टवका दिसलाच तर

आवाज चढवायच्या आधी व्हिडिओ काढा, दुकानातच, सराफासमोर. आधीच्याशी जुळवा. काही वेळा तो टवका नसतोच, पॉलिशचा लाल मळ किंवा आधीचाच फेदर वेगळ्या कोनातून दिसत असतो, अंगठी स्वच्छ करायला सांगून परत बघा.

खरंच नवा असेल तर वाटा तीन. अगदी बारीक असेल आणि हिरा मजबूत असेल तर तो प्राँगखाली घेता येतो, मजुरी परत आणि थोडी भरपाई यावर मिटतं. दुसरी, हिरा सुरतला किंवा मुंबईला पाठवून पॉलिश करून घ्यायचा. यात वजन जातं, आणि किती जातं त्यापेक्षा कुठली रेघ ओलांडून जातं ते महत्त्वाचं, कारण १.०० कॅरेटचा ०.९७ झाला तर डोळ्याला फरक दिसत नाही पण भावात मोठा फरक पडतो. सर्टिफिकेट पण नवं करावं लागतं. तिसरी, तसाच दुसरा हिरा. कुठलीही वाट धरली तरी ठरलेलं लिहून घ्या.

सराफ ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथं पण पावती, वजन, व्हिडिओ हेच मागतात.

नंतरचं थोडं

पहिले काही आठवडे अंगठी जपून वापरा आणि महिन्यानं एकदा परत टिचकी देऊन बघा, सैल पडायचा असला तर बरेचदा सुरुवातीलाच कळतं. त्यानंतर वर्षातून एकदा सराफाकडून प्राँग तपासून घ्या. भाकरी थापताना, भांडी घासताना, जिममध्ये, गाडीच्या डिकीत सामान चढवताना काढून ठेवा, बसवताना लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त मार हिरा रोजच्या वापरात खातो. दोन हिऱ्यांच्या अंगठ्या एकाच डबीत नको, हिराच हिऱ्याला ओरखडतो. धुवायला कोमट पाणी, थोडं साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. सराफ अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू का विचारतो तेव्हा फेदर मोठा असेल, हिरा फिल्ड असेल किंवा शेजारी मोती, पाचू असेल तर नाही म्हणा, आणि हिरा सैल वाटत असेल तर आधी प्राँग, मग मशीन.